तर्पण न मागणारे पूर्वज

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गेडकॉम' नावाचा एक जुना फाइल फॉरमॅट आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मॉर्मन चर्चने तो १९८४ साली तयार केला आणि आजही वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरं एकमेकांशी याच भाषेत बोलतात. फॉरमॅट अगदी साधा. प्रत्येक ओळीत आधी एक आकडा, मग तीन-चार अक्षरांची एक खूण, मग माहिती. जन्माला एक खूण, लग्नाला एक, दफनाला एक. बाप्तिस्म्याला मात्र वेगवेगळ्या खुणा आहेत. 'बीएपीएम' म्हणजे कुठल्याही चर्चमधला बाप्तिस्मा. 'बीएपीएल' म्हणजे फक्त मॉर्मन चर्चमधला, आणि तो माणूस मेल्यानंतर शेकडो वर्षांनीही होऊ शकतो.

गेल्या सप्टेंबरात मी ज्या फाइलवर काम करत होते तिच्यात एका माणसाच्या नावाखाली दोन्ही प्रकारच्या नोंदी होत्या. पहिली १७०२ सालची, इटलीच्या पिएमाँते प्रांतातल्या प्रारोस्तिनो या डोंगरी गावची. दुसरी १९३४ सालची, यूटामधल्या लोगान गावच्या मॉर्मन मंदिरातली. ही डुप्लिकेट नोंद नव्हती. दुसरा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो माणूस मातीत जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली होती आणि त्याच्या जागी, त्याच्या नावाने, पाण्यात उतरला होता त्याचा कुणी वंशज.

फाइल एका अमेरिकन जोडप्याची. मी मूळची साताऱ्याची, पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि गेली तीन वर्षं तुरिनमध्ये गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्या प्रोजेक्टचा एक तुकडा यूटात आहे आणि तिथल्या एका सहकाऱ्याचे आईवडील निवृत्तीनंतर आपली मुळं शोधायला इकडे येणार होते. मला कामापुरतं इटालियन येतं, घाटात गाडी चालवता येते आणि फाइलमधला गुंता सोडवणं हा तर माझा धंदाच, म्हणून त्याने मला गळ घातली. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. तिकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत होतो. पण एवढ्या वयाच्या माणसांना नुसतं नाव घेऊन बोलावताना माझी जीभ अडखळते, त्यामुळे या लेखापुरते ते काका आणि काकू. मुळं काकूंची. आपण बॅगा उचलायला आलो आहोत, असं काका म्हणाले.

हे पर्यटन नाही, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. मॉर्मन चर्चमध्ये (अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स') पूर्वज शोधणं हा फावल्या वेळचा छंद नाही, ते धर्मकर्तव्य आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहू शकतं, पण त्यासाठी प्रत्येकाचे संस्कार व्हावे लागतात. जे आधीच गेले, ज्यांच्या कानावर हा धर्म आलाच नाही, त्यांच्यासाठी वंशजाने मंदिरात जाऊन त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायचा. तो स्वीकारायचा की नाही हे परलोकातल्या त्या आत्म्याने ठरवायचं. पण त्याला विचारायचं तर आधी त्याचं नाव माहीत हवं. म्हणून १८९४ साली या चर्चने वंशावळ संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली आणि सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून ते रीळ ठेवले. सुमारे २४ लाख रीळ. २०२१ मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पुरं झालं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही रीळ त्यांत आहेत. कुठल्याही धर्माचा माणूस आज ज्या वेबसाइटवर फुकटात पणजोबा शोधतो, तिच्या सर्व्हरचा खर्च ही श्रद्धा भागवते.

आता त्या १७०२ च्या माणसाकडे. तो कॅथलिक नव्हता. इटलीतले पूर्वज म्हटल्यावर आपण ते कॅथलिकच असणार असं धरून चालतो, पण तुरिनच्या नैऋत्येला, पन्नासेक किलोमीटरवर, आल्प्सच्या पायथ्याशी दोन-तीन खोरी आहेत जिथे आठशे वर्षांपासून एक वेगळाच पंथ नांदतो आहे. वॉल्डेन्सियन.

सुरुवात फ्रान्समधल्या ल्यों शहरात, ११७० च्या दशकात. वाल्डो नावाचा एक श्रीमंत व्यापारी होता. त्याने संपत्ती वाटून टाकली, बायबलचे भाग लॅटिनमधून लोकांच्या बोलीत उतरवून घेतले आणि रस्त्यावर उभा राहून ते सांगू लागला. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच्यामागे आलेल्यांत बायकाही होत्या आणि त्याही प्रवचनं करत. चर्चचा आक्षेप दारिद्र्यावर नव्हता, या प्रवचनांवर होता. परवानगी नसताना बोलायचं कुणी? ११८४ मध्ये व्हेरोनाच्या परिषदेत त्यांना बहिष्कृत केलं गेलं. मग हे लोक पांगले, लपले, आणि त्यांतले काही आल्प्सच्या या खोऱ्यांत टिकून राहिले.

त्यांच्या फिरत्या प्रचारकांना 'बार्बा' म्हणत. पिएमाँतेच्या बोलीत बार्बा म्हणजे काका. कॅथलिकांचे 'फादर', तर यांचे काका. दोघादोघांनी फिरायचं, एक वयस्क आणि एक शिकाऊ. फेरीवाल्याच्या वेषात गावोगाव जायचं आणि रात्री घरात दार लावून धर्मग्रंथ सांगायचा. त्यांच्या हस्तलिखित पोथ्या खिशात मावतील एवढ्या लहान आहेत. हे सांगितल्यावर काका खूश झाले. मॉर्मन तरुणही दोघादोघांच्या जोड्यांनीच दारोदार फिरतात. सायकलवर, पांढरा शर्ट घालून. काका स्वतः एकोणिसाव्या वर्षी असेच फिरले होते.

पण या पंथाच्या शिकवणीतला एक मुद्दा मला त्या बारा दिवसांत सोडेना. वॉल्डेन्सियन शपथ घेत नसत, माणूस मारणं पाप मानत, हे सगळं खरंच. त्याखेरीज ते 'पर्गेटरी' नाकारत. मध्ययुगीन चर्चची शिकवण अशी की, बहुतेक आत्मे थेट स्वर्गात किंवा नरकात जात नाहीत. मधल्या एका ठिकाणी ते पाप फेडत राहतात आणि इथे मागे उरलेल्यांनी प्रार्थना केली, मिस्सा म्हणवून घेतला, दानधर्म केला तर त्यांची सुटका लवकर होते. यावर मठ चालत, चर्चं बांधली जात. वॉल्डेन्सियन म्हणाले, वाटा दोनच आहेत. जे करायचं ते माणसाने जिवंतपणी करायचं. मेलेल्यासाठी जिवंत माणूस काहीही करू शकत नाही, ना प्रार्थना, ना दान. इन्क्विझिशनच्या कागदांत पाखंडी ओळखण्याच्या ज्या खुणा आहेत त्यांत ही पुन्हापुन्हा येते. पर्गेटरी मानतोस का, या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं म्हणून माणसं जाळली गेली आहेत.

आणि आता त्यांच्याच रक्ताची एक बाई, मृतांसाठी काहीतरी करता यावं म्हणून, नऊ हजार किलोमीटरवरून आली होती.

*

तोर्रे पेल्लिचे हे या खोऱ्यांचं मुख्य गाव. जुनं फ्रेंच नाव 'ला तूर'. (आपल्या लातूरशी काही संबंध नाही, मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आधी हाच प्रश्न आला.) गावामागे वांदालिनो डोंगर आणि त्याचा कास्तेल्लुत्सो नावाचा उघडा सुळका, कुठूनही दिसणारा. गावात वॉल्डेन्सियन चर्चचं कार्यालय, ग्रंथालय, संग्रहालय, दप्तरखाना, सगळं हाकेच्या अंतरावर.

आधी आम्ही आंग्रोन्याच्या बाजूला गेलो. चेस्टनटच्या झाडीत शानफोरां नावाची जागा आहे. १५३२ च्या सप्टेंबरात इथे या लोकांची सभा भरली, सहा दिवस चालली आणि स्वित्झर्लंडकडून आलेल्या नव्या प्रोटेस्टंट विचाराशी जोडून घ्यायचं ठरलं. ल्यूथरच्या साडेतीनशे वर्षं आधीचा पंथ ल्यूथरच्या मागून आलेल्या लोकांत सामील झाला. त्याच सभेतून बायबलच्या एका नव्या फ्रेंच भाषांतराला पैसा उभा राहिला. ते १५३५ मध्ये छापलं गेलं. मेंढ्या राखणाऱ्या आणि चेस्टनटच्या पिठावर जगणाऱ्या लोकांनी हा खर्च उचलला. आता तिथे एक दगडी स्मारकस्तंभ आहे आणि बरीच शांतता.

तिथून जवळच एक गुहा आहे, चर्च म्हणून ओळखली जाणारी. लपूनछपून प्रार्थना इथे होत असे, अशी परंपरा. तोंड इतकं अरुंद की वाकून, जवळजवळ सरपटत आत शिरावं लागतं. काका बाहेर बॅगा सांभाळत थांबले. आत गेल्यावर वरच्या फटीतून उजेड येतो आणि शेदीडशे माणसं दाटीवाटीने उभी राहू शकतील एवढी जागा आहे. काकू काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी हळू आवाजात एक स्तोत्र म्हटलं. आवाज छान लागला.

सभेनंतर लपणं संपलं आणि खरा त्रास सुरू झाला. उघडपणे देवळं बांधली की ती पाडायलाही उघडपणे येता येतं. १५६१ मध्ये सव्हॉयच्या ड्यूकने कावूरच्या तहाने त्यांना धर्मस्वातंत्र्य दिलं, पण फक्त डोंगरातल्या ठरावीक हद्दीत. हद्दीखालच्या सपाट, सुपीक जमिनीत त्यांना जागा नाही. पुढची तीनशे वर्षं या लोकांचं आयुष्य त्या एका रेषेने ठरवलं. १६३० च्या प्लेगमध्ये त्यांचे बहुतेक पाद्री मेले, नवे जिनिव्हाहून आले, ते फ्रेंच बोलत. म्हणून इथल्या उपासनेची आणि नोंदवह्यांची भाषा फ्रेंच झाली. इटलीतली मुळं शोधायला आलेल्या काकूंना इटालियनपेक्षा फ्रेंच जास्त लागलं ते त्यामुळे.

१६५५ च्या जानेवारीत फर्मान निघालं: खालच्या गावांतल्या वॉल्डेन्सियनांनी कॅथलिक व्हावं किंवा जागा सोडून वर जावं, ऐन हिवाळ्यात. एप्रिलमध्ये सैन्य आलं. शिपायांची सोय घरोघरी करा असा हुकूम होता आणि लोकांनी ती केली. २४ एप्रिलच्या पहाटे त्याच घरांतून कत्तल सुरू झाली. 'पिएमाँतेचा ईस्टर' म्हणून ती ओळखली जाते. कास्तेल्लुत्सोवरून माणसं ढकलून दिल्याचं इथे आजही सांगतात. बातमी लंडनला पोचली तेव्हा क्रॉमवेलचा परराष्ट्र पत्रव्यवहार पाहणारा सचिव होता जॉन मिल्टन. तोवर तो पूर्ण आंधळा झाला होता. त्याने युरोपभरच्या दरबारांना लॅटिनमध्ये निषेधाची पत्रं लिहिली आणि स्वतःसाठी एक सुनीत. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना ते ठाऊक असतं. त्यातले डोंगर हे.

काकूंना हा इतिहास पाठ होता. त्यांच्याकडे यूटात छापलेली घराण्याची एक जाडजूड बखर होती आणि तिची पहिली चाळीस पानं याच रक्तपाताची. पण १६८६ बद्दल त्यात दोन परिच्छेद होते, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये आपल्या प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले आणि शेजारच्या सव्हॉयच्या ड्यूकवर तसंच करण्यासाठी दबाव आणला. ३१ जानेवारी १६८६ चं फर्मान असं: उपासना बंद, देवळं पाडा, पाद्र्यांनी देश सोडावा, आणि यापुढे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा कॅथलिक धर्मगुरूकडून व्हावा. लोकांनी नकार दिला. वसंतात फ्रेंच आणि सव्हॉयच्या फौजांनी काही आठवड्यांत खोरी रिकामी केली. आठ हजारांच्या वर माणसं पिएमाँतेच्या किल्ल्यांत कोंडली गेली; उपास, थंडी आणि रोगाने त्यांतली निम्म्याहून जास्त मेली. मुलं आईबापांपासून काढून कॅथलिक घरांत वाटली गेली. उरलेल्यांना १६८७ च्या हिवाळ्यात आल्प्स ओलांडून जिनिव्हाकडे चालवत नेलं.

म्हणजे ज्या प्रश्नावर ही खोरी ओसाड झाली तो प्रश्न होता, मुलाला बाप्तिस्मा कोण देणार.

१६८९ च्या ऑगस्टमध्ये हजाराच्या आसपास पुरुष जिनिव्हा सरोवर रात्री होड्यांनी ओलांडून परत निघाले. नेता आंरी आर्नो नावाचा पाद्री. दोन आठवड्यांत दोनशे किलोमीटर, तेही खिंडींमधून, लढत. हिवाळा त्यांनी बाल्सील्याच्या कड्यावर काढला. मे १६९० मध्ये फ्रेंचांनी तोफा वर चढवल्या, तेव्हा एका धुक्याच्या रात्री उरलेले तीनशेएक जण कड्यावरून निसटले. ते संपलेच असते. पण त्याच सुमाराला ड्यूकने पक्ष बदलला, तो फ्रान्सविरुद्ध उभा राहिला आणि कालचे बंडखोर आज सरहद्दीचे रखवालदार झाले. इतिहासाच्या पुस्तकात याला 'गौरवशाली पुनरागमन' म्हणतात. मला त्यात गौरवाइतकाच नशिबाचा भाग दिसतो. असो.

आमच्या कामाच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं असं की १६८६ च्या धामधुमीत जुन्या नोंदवह्याही गेल्या. बहुतेक गावांच्या वह्या लोक परतल्यानंतर, १६९० च्या दशकापासून सुरू होतात. १७०२ मध्ये प्रारोस्तिनोला बाप्तिस्मा झालेलं ते मूल परतलेल्यांच्या पहिल्या पिढीतलं. त्याच्या मागे दार बंद.

*

काकूंच्या फाइलमध्ये मात्र ते बंद नव्हतं. त्या मुलाच्या वर आणखी चार पिढ्या होत्या, थेट १५८० पर्यंत. ऑनलाइन वंशवृक्षांना हा जुना आजार आहे. शंभर माणसं एकाच झाडावर काम करतात, कुणालाही फांदी अर्धवट आवडत नाही, मग नाव जुळलं की जोडून टाकतात. आणि इथे नावं जुळणं काही अवघड नाही. एका खोऱ्यात आडनावं दहा-पंधरा, आणि पहिली नावं जाँ, पिएर, पोल, जाक, दानिएल. एकाच वर्षी एकाच गावात तीन जाँ-तेच-आडनाव सहज सापडतात. नोंदी करणाऱ्यांनी त्यावर जो उपाय केला तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही: मुलाच्या नावापुढे बापाचं नाव. बाप जिवंत नसेल तर त्याआधी 'फ', आपल्या 'कै.'सारखं. त्या एका शब्दावरून बाप कधी गेला हे दोन नोंदींच्या मधल्या वर्षांत पकडता येतं. नेपोलियनच्या अमलातल्या नोंदींत तर तारखा फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरच्या आहेत, धुक्याचा महिना, द्राक्षांचा महिना वगैरे. गेडकॉममध्ये त्यासाठीही सोय आहे, हे पाहून त्या अज्ञात प्रोग्रामरबद्दल मला फार आपुलकी वाटली.

चार पिढ्यांना पुरावा काय, तर यूटामधल्याच दुसऱ्या एका वृक्षाचा हवाला. आणि त्या वृक्षाला पुरावा म्हणून काकूंचाच वृक्ष. दोघांनी एकमेकांना जामीन राहावं तसं. काकूंना ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "काढून टाक." चार पिढ्यांतल्या अकरा नावांचे मंदिरातले संस्कार केव्हाच झाले होते. बहुधा कधी नव्हतेच अशा अकरा माणसांचे.

उलट १७०२ च्या पुढचं काम सुंदर निघालं. दप्तरखान्यात तीन दिवस बसून आम्ही काकूंच्या फाइलमध्ये नसलेली नऊ नावं शोधली. लहानपणी गेलेली भावंडं, एक दुसरी बायको, एक अविवाहित मावशी. एका मुलाचा बाप्तिस्मा आणि दफन यांत सहा दिवसांचं अंतर होतं. ते पान काकूंनी वहीत पेन्सिलने जसंच्या तसं उतरवून घेतलं, मला मोबाइलने फोटो काढू दिला नाही. का, ते विचारलं नाही.

*

मग हे घराणं यूटाला गेलं कसं? १७ फेब्रुवारी १८४८ रोजी राजा कार्लो अल्बेर्तोने वॉल्डेन्सियनांना नागरी हक्क दिले आणि ती हद्दीची रेषा कागदावर तरी पुसली गेली. त्याआधी चार्ल्स बेकविथ नावाच्या, वॉटर्लूला पाय गमावलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने इथे वस्तीवस्तीवर मिळून शंभराहून जास्त लहान शाळा उभ्या केल्या होत्या. लोक लिहू-वाचू लागले होते, पण जमीन तेवढीच, तोंडं जास्त, आणि बटाट्यावर आणि द्राक्षांवर रोग पडत होता. या घडीला, १८५० च्या उन्हाळ्यात, लोरेंझो स्नो हा मॉर्मन प्रचारक इटलीत उतरला. वॉल्डेन्सियनांबद्दल त्याने इंग्लंडमध्ये वाचलं होतं. त्यांचा छळ, त्यांचे डोंगर, हे सगळं त्याला ओळखीचं वाटलं असणार. मॉर्मनांचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ मध्ये जमावाच्या हातून मारला गेला होता, त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना इलिनॉयमधून हुसकावलं होतं आणि अवघी तीन वर्षं झाली होती त्यांना सॉल्ट लेकच्या डोंगरातल्या खोऱ्यात आसरा मिळून.

सप्टेंबर १८५० मध्ये स्नो सोबत्यांसह ला तूरमागच्या डोंगरावर चढला (बहुतेकांच्या मते हा वांदालिनोच), एका खडकावर उभं राहून त्यांनी इटलीतल्या कार्याची स्थापना केली आणि डोंगराला आपल्या नेत्याचं, ब्रिगहॅम यंगचं नाव दिलं. खोऱ्यात कुणी ते नाव कधी वापरलं असेल असं वाटत नाही. ज्या सुळक्यावरून दोनशे वर्षांपूर्वी माणसं लोटली गेली त्याच डोंगरावर धर्म बदला म्हणून सांगायला आलेली माणसं प्रार्थना करत उभी होती. यावेळी मात्र हातात फक्त पुस्तक होतं.

वीस हजारांच्या आसपासच्या वस्तीतून दीडशेच्या वर लोकांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५४ पासून त्यांतले सत्तरेक यूटाला गेले. त्यांत प्रारोस्तिनोकडचं फिलिप कार्दों यांचं कुटुंब होतं. त्यांची मुलगी मारी मादलेन हिने पुढे लिहिलेल्या आठवणींत म्हटलं आहे की लहानपणी तीन अनोळखी माणसं तिला दृष्टान्तात दिसली होती आणि प्रचारक आले तेव्हा वडिलांना ते आठवलं. याच गावाकडची सुझान गुदाँ रेशीम काढण्यात तरबेज होती. यूटात ब्रिगहॅम यंगने तिच्याकडून इतर बायकांना ते शिकवून घेतलं. काकूंच्या घराण्याचं या दोघींशी लग्नसंबंधातून नातं लागतं. मागे राहिलेल्यांना मात्र हे जाणं जिव्हारी लागलं. ज्यांचे पणजे तुरुंगात मेले पण बदलले नाहीत, ते अमेरिकेच्या बोटीसाठी बदलले, अशी बोलणी झाली. हे सगळं पोटासाठी होतं असं मला वाटत नाही. पोटासाठी जाणारे १८५० च्या दशकाअखेर उरुग्वेला आणि १८९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनालाही गेले आणि जाताना आपला पंथ बरोबर घेऊन गेले. तिथे आजही वॉल्डेन्सियन गावं आहेत.

यूटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने मात्र मागे वळून पाहिलं आणि त्या सगळ्या जळलेल्या, गोठलेल्या, उपाशी मेलेल्या माणसांसाठी एकेक करून पाण्यात उतरायला सुरुवात केली.

*

हा प्रकार सगळ्यांना रुचलेला नाही. नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावं मंदिरांत गेल्याचं उघड झाल्यावर १९९५ मध्ये चर्चला ज्यू संघटनांशी समझोता करावा लागला. २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक नोंदवह्या यूटाच्या संस्थेला देऊ नयेत असं सर्वत्र कळवलं. नियम आता असा आहे की प्रत्येकाने फक्त आपल्याच पूर्वजांची नावं द्यावीत. काकूंची नऊ नावं त्यात बसत होती.

नेमका तोच आठवडा आमच्या घरी पितृपक्षाचा. बाबांचा फोन आला, आजोबांची तिथी झाली, काकस्पर्श लवकर झाला. काकूंना कावळ्याचं सांगितलं, मग त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीबद्दल सांगितलं, जिच्यात माझ्या पणजोबांच्या वडिलांची मोडीतली सही आहे. त्या इतक्या रंगल्या की कॉफी गार झाली. पूर्वजांना काहीतरी पोचतं, आणि ते पोचवणं आपल्यावर असतं, हे त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या टेबलाशी आम्ही दोघी एका बाजूला होतो आणि ज्यांच्या शोधात आलो होतो ते दुसऱ्या.

दप्तरखान्यात आम्हाला मदत करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, वॉल्डेन्सियन, काकूंच्याच वयाच्या. शेवटच्या दिवशी काकूंनी त्यांना सरळ विचारलं, ही नावं मी मंदिरात दिली तर तुम्हाला चालेल का? मी भाषांतर केलं. बाई जरा हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थनाही करत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही काही करू शकत नाही आणि त्यांच्याविरुद्धही नाही. द्या किंवा देऊ नका.

"राग येत नाही?" हे मी माझ्यातर्फे विचारलं.

"१६८६ च्या मुलांचा येतो," त्या म्हणाल्या. "ती जिवंत होती."

२०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस तुरिनच्या वॉल्डेन्सियन देवळात आले आणि त्यांनी चर्चच्या वतीने क्षमा मागितली, तेव्हा या बाई आत होत्या. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, भाषण चांगलं होतं, गर्दी फार होती.

काका-काकूंचं त्या रात्री जेवताना बराच वेळ चाललं. काकांचं म्हणणं सरळ होतं: आपण कुणावर काही लादत नाही, दार उघडतो, आत यायचं की नाही त्यांचं त्यांनी ठरवावं; दारच न उघडणं हा कुठला आदर? काकूंचं म्हणणं असं, की त्यांना एकदा विचारून झालं आहे आणि त्यांनी उत्तरही दिलं आहे. काका म्हणाले, ते दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं. मला दोघांचंही पटत होतं. नऊ नावांचं काय झालं ते मला माहीत नाही. फाइल मी त्यांच्या स्वाधीन केली, त्या रकान्यांत मी काही लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत काकूंचा मेल आला. १८४८ च्या त्या हुकुमाच्या आठवणीसाठी १६ तारखेच्या रात्री खोऱ्यांत सगळीकडे होळ्या पेटवतात. तू जाशील का, आणि गेलीस तर प्रारोस्तिनोची बघशील का? मी गेले. कडाक्याची थंडी होती, रस्त्याकडेला बर्फ. लाकडाचा ढीग माणसाच्या दुप्पट उंच. आठ वाजता कुणीतरी तो पेटवला, लोकांनी गाणी म्हटली, एका बाईने कागदी पेल्यात गरम वाइन दिली. थोड्या वेळाने समोरच्या डोंगरावर एक ठिपका दिसला, मग त्याच्या वर दुसरा. व्हिडिओ पाठवला तेव्हा यूटात दुपार होती. काकूंचं लगेच उत्तर आलं: आवाज नीट येत नाहीये, ते काय गातायत?

मी शेजारच्या आजोबांना विचारायला गेले.